जॉन गूल्डची पक्षिचित्रे: घेण्याआधी आणि फ्रेम करण्याआधी

चित्राखाली जॉन गूल्ड (१८०४–१८८१) हे नाव असले, तरी दगडावरची रेघ सहसा त्याची नसते (ही चित्रे शिळाछाप, म्हणजे दगडावर रेखाटून कागदावर छापलेली आणि मग हाताने रंगवलेली आहेत). लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीत पक्ष्यांत पेंढा भरणारा हा गृहस्थ कच्ची रेखाटने करी, मजकूर लिही, वर्गणीदार जमवी. १८३० पासून निघालेल्या हिमालयातील पक्ष्यांच्या ग्रंथाची ८० चित्रे पत्नी एलिझाबेथने दगडावर उतरवली. १८४१ मध्ये बाळंतपणानंतर ती गेली आणि काम रिक्टर, वुल्फ, हार्ट या चित्रकारांकडे आले. चित्राखालची बारीक अक्षरे म्हणूनच आधी वाचावीत: डावीकडे चित्रकार, उजवीकडे छापखाना (जुन्या चित्रांवर हलमंडेल, नंतरच्यांवर वॉल्टर).

दहापट भिंगातून रेघ पाहा. शिळाछापाची रेघ खडूसारखी खरबरीत, वेडीवाकडी दिसते. ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ती ऑफसेटची, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईची नक्कल. नकलेवरही कुणी हाताने रंग भरलेला असू शकतो, त्यामुळे निवाडा रेघेवरून करा. अस्सल चित्रात जलरंग कागदावर बसलेला असतो आणि कुठे कुठे रेघेबाहेर जातो. तांब्याच्या पत्र्याच्या छपाईत चित्राभोवती दाबाची खूण उमटते; इथे ती नसते, तेव्हा ती नाही म्हणून चित्र खोटे ठरवू नका. हिमालयाच्या काही प्रतींत पार्श्वभूमी बिनरंगाची आहे, तेही अपुरे काम नव्हे. पूर्ण कागद साधारण ५५ × ३७ सेंमी. बराच लहान असेल तर कडा कापल्या आहेत. हमिंगबर्डच्या चित्रांत (१८४९–६१) सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंग दिला आहे. चित्र तिरपे धरले की पक्ष्याचा गळा चमकतो. नकलेत तो नुसता पिवळट राहतो.

फ्रेमसाठी आम्ही सुती, आम्लमुक्त माउंट (चित्राला आधार देणारा जाड पुठ्ठा) वापरतो. चित्र वरच्या कडेला दोनच ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने टांगतो, म्हणजे पावसाळ्यात कागद फुगला तरी सुरकुतत नाही. काच कागदाला टेकता कामा नये. टेकली की दमटपणात रंग काचेला चिकटतो. सेलोटेपचा डाग सहसा पूर्ण जात नाही. मागे हार्डबोर्ड थेट लावला तर काही वर्षांत कागद तपकिरी पडतो.

तांबूस ठिपके दिसले म्हणून घरी ओला बोळा फिरवू नका: ठिपके राहतात, जलरंग मात्र उतरतो. बाहेरच्या ओल्या भिंतीवर किंवा उन्हासमोर चित्र टांगू नका. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावून देतो, ते काढू नका. मागून हवा खेळते ती त्यांच्यामुळेच.