तीन चाकं, ओला रस्ता आणि एक शर्यत: आधी घसरणार की आधी उलटणार?

जून लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर तो मेसेज फिरायला लागतोच. पावसाळ्यात टायरमधली हवा ५ पॉइंट कमी ठेवा, टायर पसरतो, रस्त्याला जास्त चिकटतो, गाडी घसरत नाही. यंदा त्यात भर म्हणून कुणीतरी रिक्षा आणि एका भारीतल्या तीन चाकी बाईकचा फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय की तीन चाकांना तर काळजीच नाही, पडते ती दोन चाकी. एकाच मेसेजमध्ये दोन चुकीच्या गोष्टी, आणि दोन्ही ऐकायला इतक्या पटण्यासारख्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा अंगठे पडले.

हवेचं आधी उरकून टाकतो. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना टायरला ते बाजूला ढकलत पुढे जावं लागतं. स्पीड वाढला की पाण्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही, ते टायरच्या खाली घुसतं आणि एका स्पीडला त्याचा दाब इतका होतो की टायर चक्क उचलला जातो, म्हणजे चाक फिरतंय पण रस्त्याला लागलेलंच नाही. विमानं ओल्या धावपट्टीवर अशी घसरायची म्हणून नासाच्या लँग्ली केंद्रात यावर बरंच काम झालं आणि १९६३ साली हॉर्न आणि ड्रेअर या दोघांनी एक सोपं सूत्र छापलं: टायरमधल्या दाबाचं (पीएसआय, म्हणजे आपले पॉइंट) वर्गमूळ काढायचं, त्याला साधारण १६.६ ने गुणायचं, येईल तो तरंगायला लागण्याचा वेग, ताशी किलोमीटरमध्ये. ३० पॉइंटला हा वेग ९१ येतो, २५ ला ८३. म्हणजे हवा कमी केलीत की टायर लवकर तरंगतो, उशिरा नाही. टायर पसरतो हे खरं, पण पसरला म्हणजे रस्त्यावरचा दाब कमी झाला, आणि पाणी फाकवायला दाबच लागतो. तेव्हा कंपनीने सांगितली तेवढी हवा ठेवायची, बारा महिने. आणि हो, नायट्रोजन भरला की पावसात ग्रिप वाढते असं सांगून पैसे घेणारेही आहेत, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, टायरच्या आत कुठला वायू आहे हे बाहेरच्या पाण्याला कळत नाही.

पण गंमत अशी की रिक्षाला हे सगळं फारसं लागूच होत नाही. शहरात रिक्षा चाळीस-पन्नासच्या वर क्वचित जाते, ९१ लांबच राहिलं. टायर अगदी गुळगुळीत झाला असेल तर मात्र पाण्याचा पातळ थर कमी स्पीडलाही मधे राहतो (आपल्या नियमात तीन चाकीला ०.८ मिमी खाच उरली तरी चालते, कारला १.६ लागते, मला हे कधी पटलेलं नाही). तरीही तीन चाकीची खरी भानगड तरंगण्यात नाही, ती आहे तिच्या त्रिकोणात, आणि यावर मी थोडा जास्त बोलणार आहे कारण मला हा प्रकार फार आवडतो.

तिपाई कधी डगमगत नाही हे आपल्याला माहीत असतं. तीन टेकू कसेही ठेवा, तिन्ही एकाच वेळी जमिनीला टेकतात, चार पायांच्या टेबलाखाली जशी कागदाची घडी घालावी लागते तशी तिपाईला लागत नाही. म्हणूनच खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षाची तिन्ही चाकं टेकलेली असतात, तिला महागड्या सस्पेन्शनची गरज नसते. आता डगमगत नाही म्हणजे उलटत नाही असं आपण मनातल्या मनात जोडून टाकतो, आणि तिथेच फसतो. त्याच तिपाईच्या कडेला, दोन पायांच्या मधे, जरा जोर देऊन बघा.

उलटण्याचं गणित शाळेतलंच आहे. गाडीचा गुरुत्वमध्य, म्हणजे तिचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं ती जागा, कुठेतरी जमिनीपासून उंचावर असतो. डावीकडे टर्न घेतला की आपल्याला उजवीकडे फेकल्यासारखं होतं, तसं गाडीलाही होतं, आणि ती उलटणार असेल तर पुढचं चाक आणि मागचं उजवं चाक यांना जोडणाऱ्या रेषेवर फिरून उलटते. चार चाकीत ही रेष गाडीच्या कडेने सरळ जाते. रिक्षात ती तिरकी आहे, मागे बाहेर, पुढे पार मध्यावर. म्हणजे गुरुत्वमध्य जितका मागे तितकं त्याला बाजूला अंतर जास्त, जितका पुढे तितकं कमी.

आकडे घालू. साध्या पॅसेंजर रिक्षात पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंत २ मीटर अंतर असतं, मागच्या दोन चाकांमधलं आपण १.१५ मीटर धरू. माणसं बसल्यावर गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंच आणि पुढच्या चाकापासून १.३३ मीटर मागे, म्हणजे दोन तृतीयांशावर, असं माना. त्या जागी मध्यापासून तिरक्या रेषेपर्यंतचं अंतर ०.५७५ चे दोन तृतीयांश, साधारण ३८ सेंटिमीटर. याला उंचीने भागा, ३८ भागिले ६०, उत्तर ०.६४. अर्थ असा की बाजूचा ओढा रिक्षाच्या वजनाच्या ६४ टक्क्यांवर गेला की आतलं मागचं चाक उचलतं. कारमध्ये हाच आकडा बहुतेक वेळा १ च्या वर असतो.

आता हा बाजूचा ओढा येतो कुठून? टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून, दुसरीकडून नाही. टायर रस्त्याला धरून आहेत म्हणून गाडी वळते, आणि धरून आहेत म्हणूनच उलटू शकते. टायर वजनाच्या किती पट ओढा सुटण्याआधी सोसतात तो आकडा म्हणजे घर्षणांक. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो ०.७ ते ०.८ असतो, म्हणजे टायर ०.६४ च्या पुढेही धरून राहतात, म्हणून कोरड्यात रिक्षा घसरायच्या आधी उलटते. ओल्या डांबरावर तोच घर्षणांक ०.४५-०.५ वर येतो. ०.६४ ला पोचायच्या आधीच टायर सुटतात, रिक्षा घसरते, आणि घसरते म्हणून उलटत नाही! पावसाने क्रम बदलला, शर्यत घसरणीने जिंकली. १२ मीटर त्रिज्येचा टर्न धरला, म्हणजे आपला सिग्नलवरचा नेहमीचा, तर कोरड्यात ताशी ३१ च्या आसपास रिक्षा उलटायला येते, ओल्यात २६ ला घसरते, आणि चिखल किंवा झेब्रा क्रॉसिंगच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवर, जिथे घर्षणांक ०.२५ वगैरे होतो, तिथे २० लाच घसरते. हे ढोबळ हिशोब आहेत, रिक्षागणिक आणि टायरगणिक बदलणार, पण क्रम सहसा हाच राहतो.

मग घसरली तर घसरली, उलटली तर नाही ना, असं म्हणून सुटका होत नाही. कारण ओल्या शहरात रस्ता सगळीकडे सारखा ओला नसतो. मेट्रोच्या किंवा फ्लायओव्हरच्या खालचा पट्टा आठवा, वरून छप्पर असल्यामुळे भर पावसात कोरडा. बाहेर ओल्यात आडवी घसरत आलेली रिक्षा त्या कोरड्या पट्ट्यावर आली की घर्षणांक क्षणात ०.४५ चा ०.७५ होतो, आणि आपला उलटण्याचा आकडा आहे ०.६४, मधेच बसलेला. टायर अचानक धरतात, वरचा भाग मात्र जातच राहतो. पेव्हर ब्लॉकची वर आलेली कड, खड्ड्याचा काठ, दुभाजक, यांचंही तेच, तिथे तर घर्षणाचाही प्रश्न नाही, चाक थेट अडतंच. मी कागदावर ऊर्जा आणि कोनीय संवेग लावून बघितलं की आडवं घसरताना किती स्पीडला चाक अडलं तर वरच्या आकड्यांची रिक्षा पुरती पलटी होईल, तर उत्तर ताशी ८ किलोमीटरच्या आसपास आलं. आठ! सकाळी बागेत जॉगिंग करणारे काका यापेक्षा जोरात जातात.

म्हणून घसरायला लागल्यावर काय करायचं ते या गणितातूनच निघतं. ब्रेकवरचा पाय सोडायचा, हँडल जरासं सरळ करायचं, म्हणजे चाकं आडवी घसटायच्या ऐवजी फिरायला लागतात आणि पुढे कोरडं किंवा कड येईल तेव्हा ती तिच्यावर सरळ जातील. सहज प्रवृत्ती नेमकी उलटी असते, आपण ब्रेक दाबतो आणि हँडल आणखी वळवतो.

ब्रेकचं तर वेगळंच प्रकरण आहे. टर्नमध्ये ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण रिक्षात पुढे म्हणजे कुठे, तर त्रिकोणाच्या टोकाकडे, जिथे बाजूला जागाच नाही. ०.३ जोराचा ब्रेक (वजनाच्या ३० टक्के) आणि ६० सेंटिमीटर उंची म्हणजे हिशोबापुरता गुरुत्वमध्य १८ सेंटिमीटर पुढे आल्यासारखा होतो, आणि ०.६४ चा आकडा ०.५५ वर उतरतो. शिवाय टायरकडे जी काय पकड आहे ती ब्रेक आणि टर्न दोघांत वाटली जाते, ती वर्गमुळाने वाटली जाते, म्हणजे एकूण ०.५ असेल आणि ब्रेकने ०.३ खाल्ली तर वळायला ०.२ नाही, ०.४ उरते, ०.५ चा वर्ग वजा ०.३ चा वर्ग आणि त्याचं वर्गमूळ, असो, इथे सोडतो. सारांश इतकाच की ब्रेक टर्नच्या आधी, सरळ रेषेत, आणि मग पाय काढून वळायचं. मुरलेले रिक्षावाले हे करतातच, त्यांना वर्गमूळ लागत नाही.

आणि चौथी सीट. ड्रायव्हरच्या शेजारी अर्धा बूड टेकवून बसलेला तो पॅसेंजर गुरुत्वमध्य पुढेही आणतो आणि बाजूलाही. १० सेंटिमीटर पुढे आणि ५ सेंटिमीटर बाजूला धरलं तरी ०.६४ चा ०.५ होतो, आणि चांगल्या काँक्रीटच्या ओल्या रस्त्याची पकडही साधारण तेवढीच असते. म्हणजे पावसाने घसरण्याचं जे एक विचित्र संरक्षण दिलं होतं, तेही गेलं, आता ओल्यातसुद्धा उलटू शकते. अशा रिक्षांच्या पुढे लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी ताजी असते. त्या माळेचे महिन्याचे पैसे बाजूला टाकले तरी टायर बदलायची थोडी सोय होईल, पण हे बोललं की लोक म्हणतात तुमचं सायन्स तुमच्यापाशी ठेवा.

आणखी एक गोष्ट फक्त तीन चाकीची. कार आणि ट्रकची चाकं लेनच्या दोन बाजूंनी जातात, त्यामुळे मधला पट्टा घासला जात नाही, आणि नेमकं तिथेच इंजिनातून गळलेलं ऑइल ठिबकत असतं, सिग्नलजवळ, बस स्टॉपजवळ जास्तच. बाईकवाला तो पट्टा टाळून कारच्या चाकोरीतून जाऊ शकतो. रिक्षाने मागची दोन चाकं चाकोऱ्यांच्या जवळ ठेवली की पुढचं एकमेव वळणारं चाक बरोब्बर त्या तेलकट पट्ट्यावर येतं. पहिल्या पावसात, धूळ आणि तेल यांचा लगदा झालेला असताना, हे सगळ्यात वाईट, चार-पाच चांगल्या सरी पडून रस्ता धुऊन निघाला की बरंच बरं. लेनमध्ये थोडं एका बाजूला सरकून चालवणं हा साधा उपाय आहे, पाठीमागच्याने हॉर्न मारला तरी. मागे तीन जाडजूड माणसं, डिकीत सामान आणि समोर घाटाचा चढ असेल तर पुढचं चाक आणखी हलकं होतं, हँडल वळवलं तरी रिक्षा जरा उशिरा वळते.

फोटोतल्या त्या महागड्या बाईकबद्दलही दोन शब्द. कॅनडाच्या बीआरपी कंपनीची कॅन-अ‍ॅम स्पायडर २००७ साली आली, तिच्यात त्रिकोण उलटा आहे, दोन चाकं पुढे आणि एक मागे. ब्रेक दाबला की वजन रुंद बाजूकडे जातं, म्हणजे रिक्षाचा मोठा दोष तिथे नाहीच, शिवाय चाक सुटायला लागलं की स्वतःहून ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे. पण तिचं मागचं चाक एकच, रुंद, कारसारखं सपाट, आणि सगळी ताकद त्याच्यावर, आणि ती हायवेच्या स्पीडला पळते, त्यामुळे सुरुवातीला सांगितलेलं तरंगण्याचं सूत्र खरं लागू होतं ते हिला. पियाजिओची एमपी३ (२००६) आणि यामाहाची निकेन (२०१८) यांचीही दोन चाकं पुढेच, पण या तर टर्नमध्ये बाईकसारख्या कलतात, उलटण्याचा हिशोबच वेगळा. त्यांचा ओल्यातला फायदा असा की पुढचं एक चाक मॅनहोलच्या झाकणावर गेलं तरी दुसरं डांबरावर असतं. पॅरिसमध्ये एमपी३ इतक्या दिसतात त्याला हे एक कारण असेल, दुसरं म्हणजे तिथे तिच्या काही मॉडेलांना कारचं लायसन्स चालतं. तिन्ही चाकं एकदम निसरड्या पट्ट्यावर आली तर मात्र त्याही पडतात.

राहिले ड्रम ब्रेक. आपल्या बहुतेक रिक्षांना तिन्ही चाकांना तेच असतात, एका पायाच्या पेडलवर, आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. साचलेल्या पाण्यातून गेलं की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि लायनर ओले होतात, मग पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही, किंवा एकाच बाजूला लागून ओढते. पाण्यातून बाहेर पडल्यावर मागे कोणी नाही बघून, हळू चालवत शंभरेक मीटर ब्रेक हलकेच दाबून धरायचा, घासून गरम होऊन लायनर वाळतात. एकदा सरळ रस्त्यावर थांबवून बघायची, तिन्ही चाकं सारखी लागतायत ना, आणि मगच पुढच्या चौकात वळायचं.