फायरवायरचं पोर्ट काढलं आणि कॅसेट कपाटातच राहिल्या

आमच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात बुटांचा एक खोका आहे आणि त्यात मिनी डीव्हीच्या सतरा कॅसेट आहेत. ताईचं लग्न, आजीचं सहस्रचंद्रदर्शन, दोन बारशी, कोकणातली एक ट्रिप. कॅसेट शाबूत आहेत, हँडीकॅम चालतो, चार्जर पण सापडला, अडलंय फक्त एका गोष्टीवर. कॅमेऱ्याच्या कडेला रबरी झाकणाखाली चार पिनांचं एक इवलंसं पोर्ट आहे आणि त्यातून निघणारी वायर जिथे खोचायची ते पोर्ट घरातल्या एकाही लॅपटॉपला नाहीये. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, तिचा आवाज त्या टेपवर आहे आणि तो ऐकायचा तर कॅमेऱ्याच्या त्या अडीच इंची स्क्रीनवरच. म्हणून या पोर्टचं नक्की काय झालं ते मी शोधून वाचलं, आणि वाचल्यावर राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला, कारण जे गेलं ते नुसतं एक भोक नव्हतं, दोन मशिनांनी एकमेकांशी बोलायची एक वेगळीच पद्धत होती.

पोर्टचं नाव फायरवायर. अ‍ॅपलने १९८० च्या दशकाच्या शेवटी यावर काम सुरू केलं, १९९५ मध्ये ते आयईईई १३९४ या नावाने अधिकृत स्टँडर्ड झालं. सोनी त्याला आयलिंक म्हणायची, आणि आपल्याकडे लग्नाचं शूटिंग एडिट करणारे लोक 'फायरवायर कार्ड' म्हणायचे, कारण साध्या पीसीमध्ये ते वेगळं कार्ड घालून घ्यावं लागायचं. त्याच १९९५ साली सोनीचा व्हीएक्स१००० कॅमेरा आला, मिनी डीव्ही टेप आणि सोबत हे पोर्ट. १९९९ मध्ये अ‍ॅपलने आयमॅक डीव्ही काढला, त्यात आयमूव्ही हे व्हिडिओ एडिट करायचं सॉफ्टवेअर होतं, आणि घरातला माणूस वायर जोडून स्वतः व्हिडिओ एडिट करायला लागला. २००१ मध्ये पहिला आयपॉड आला तो गाणी भरून घ्यायचा तेही फायरवायरनेच, कारण तेव्हाच्या यूएसबीचा वेग होता सेकंदाला १२ मेगाबिट आणि फायरवायरचा ४००.

आणि मग १४ ऑक्टोबर २००८. अ‍ॅपलने अ‍ॅल्युमिनियमचा नवा १३ इंची मॅकबुक आणला, फार देखणं मशीन, आणि त्यावर फायरवायर नव्हतंच. हवं असेल तर १५ इंची मॅकबुक प्रो घ्या, १,२९९ डॉलरच्या जागी १,९९९ डॉलर. म्हणजे एका पोर्टसाठी ७०० डॉलर जास्त. गंमत म्हणजे जुना पांढरा प्लॅस्टिकचा मॅकबुक ९९९ डॉलरला चालूच होता आणि त्याला ते पोर्ट होतं! अमेरिकेत लोक प्रचंड चिडले. व्हिडिओवाले होतेच, पण घरी गाणी रेकॉर्ड करणारे त्याहून जास्त, कारण त्यांचे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि वाद्यं कॉम्प्युटरला जोडायचे डबे, याच वायरीवर चालायचे आणि त्यांनी त्यात लॅपटॉपइतकेच पैसे घातलेले असायचे. नवे कॅमेरे यूएसबी २ वापरतात असं उत्तर खुद्द स्टीव्ह जॉब्ज यांनी एका ग्राहकाला ईमेलवर दिल्याचं तेव्हा छापून आलं होतं. आणि बरेच जण म्हणायचे की यूएसबी २ चा वेग ४८० आहे, तुमच्या फायरवायरचा ४००, मग रडताय कशाला.

या ४००-४८० च्या हिशोबातच सगळी गोम आहे. त्यासाठी आधी टेप कशी चालते ते बघू.

मिनी डीव्हीची टेप ६.३५ मिलिमीटर रुंद, म्हणजे पाव इंच. कॅमेऱ्याच्या आत एक ड्रम मिनिटाला ९,००० वेळा फिरत असतो, त्यावर दोन हेड, म्हणजे टेपवर लिहिणारे-वाचणारे इवलेसे चुंबक, असतात आणि टेप त्या ड्रमला तिरकी गुंडाळून हळू सरकत असते. प्रत्येक हेड टेपवर तिरकी रेघ काढतं, रेघेची रुंदी १० मायक्रॉन, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. मिनिटाला ९,००० म्हणजे सेकंदाला १५० फेरे, दोन हेड, म्हणून सेकंदाला ३०० रेघा. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे एका फ्रेमला बरोब्बर १२ रेघा. एका फ्रेमचा डेटा १,४४,००० बाइट, सेकंदाला ३६ लाख बाइट आणि तासाभराची कॅसेट म्हणजे जवळजवळ १३ जीबी.

आता मुद्दा असा की ही टेप थांबू शकत नाही. हार्ड डिस्कवरची फाइल कॉपी करताना कॉम्प्युटर जरा दुसरीकडे गुंतला तरी काही बिघडत नाही, डिस्क थांबते, मग परत सुरू. टेप मात्र सरकतेय, ड्रम फिरतोय, डेटा बाहेर पडतोय, आणि घेणाऱ्याने त्या क्षणी घेतला नाही तर ती फ्रेम गेली. एडिटिंगवाले याला फ्रेम ड्रॉप होणं म्हणतात आणि ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये की अंतरपाट खाली येतो त्याच क्षणी चित्र टुणकन उडी मारतं तेव्हा कसं वाटतं. म्हणजे इथे वेगापेक्षा महत्त्वाचं काय, तर खात्री. ठरलेल्या वेळेला, ठरलेला माल, न चुकता.

आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे, रतीब. दुधाचा रतीब लावला की रोज सकाळी लिटरभर दूध दारात, गल्लीत कितीही गिऱ्हाइकं वाढली तरी तुमचं लिटर तुमचंच. फायरवायरमध्ये नेमका हाच रतीब आहे. वायरीवरचा एक सेकंद ८,००० तुकड्यांत विभागलेला असतो, एक तुकडा १२५ मायक्रोसेकंदांचा. कॅमेरा सुरुवातीलाच नोंदणी करतो की मला प्रत्येक तुकड्यात इतकी जागा पाहिजे, आणि जागा शिल्लक असेल तर ती त्याच्या नावाने राखून ठेवली जाते, नसेल तर आधीच नाही म्हणून सांगितलं जातं. अशा रतीबवाल्यांना मिळून वायरीचा जास्तीत जास्त ८० टक्के वेळ देता येतो, उरलेल्यात बाकीच्यांची, म्हणजे हार्ड डिस्क वगैरेंची कामं. डीव्ही कॅमेरा डेटा पाकिटं करून पाठवतो, एका तुकड्यात फार तर एक, आणि एका पाकिटात ४८० बाइट व्हिडिओ घालतो. फ्रेमचे १,४४,००० भागिले ४८० म्हणजे ३०० पाकिटं, गुणिले २५ म्हणजे सेकंदाला ७,५००. आणि तुकडे आहेत ८,०००. म्हणजे टेपच्या गतीला पुरून वर ५०० तुकडे रिकामे जातात! मला हे गणित पहिल्यांदा समजलं तेव्हा अक्षरशः आनंद झाला, कारण टेपचा ड्रम आणि वायरीतली पाकिटं एकाच तालात बसवलेली आहेत हे त्यातून दिसतं.

ताल म्हणालो तर अजून एक सांगतो. वायरीतून एक आणि शून्य पाठवताना अडचण अशी येते की सलग शंभर वेळा 'एक' पाठवला तर वायरीवर काही बदलतच नाही, मग पलीकडच्याने मोजायचं कसं की शंभर झाले का नव्व्याण्णव? फायरवायर ४०० मध्ये यासाठी वायरींच्या दोन जोड्या असतात. एकीवर डेटा, दुसरीवर एक खूण, आणि नियम असा की डेटा बदलला नाही तरच खूण बदलायची. म्हणजे प्रत्येक बिटला दोघींपैकी एक आणि एकच जोडी हलते, आणि तेवढ्यावरून पलीकडच्या चिपला ठेका आपोआप मिळतो. जसं भजनात दोन टाळकऱ्यांनी ठरवावं की प्रत्येक मात्रेला आपल्यापैकी एकाने तरी वाजवायचंच. यूएसबी २ मध्ये डेटाची जोडी एकच असते, तिथे सलग सहा 'एक' झाले की मध्ये मुद्दाम एक जास्तीचा बिट घुसवतात. चालतं, पण तेवढी जागा वाया जाते.

आणि मूळ फरक तर पुढेच आहे. यूएसबी २ मध्ये सगळा कारभार कॉम्प्युटरच्या हातात. तो शाळेतल्या हजेरीसारखा एकेकाला विचारत जातो, तुझ्याकडे काही आहे का, तुझ्याकडे काही आहे का, आणि विचारल्याशिवाय कोणी बोलायचं नाही. म्हणून ४८० हा आकडा कागदावर मोठा असला तरी हार्ड डिस्कवरून मोठ्या फाइल कॉपी करताना मॅकवर ४०० वालं फायरवायरच बहुतेक वेळा पुढे असायचं. रतीबाची सोय यूएसबीतही आहे हे खरं, पण बहुतेक डीव्ही कॅमेरे त्यावरून पूर्ण क्वालिटीचा व्हिडिओ देतच नव्हते. कॅमेऱ्याला यूएसबी पण आहे की, असं लोक म्हणतात, ते असतं मेमरी कार्डावरचे फोटो काढायला किंवा वेबकॅमसारखं बारीक चित्र द्यायला. फायरवायरमध्ये असा मास्तर लागत नाही, सगळे बरोबरीचे. वायरीतून व्हिडिओ आत घ्यायची सोय असलेले दोन कॅमेरे मध्ये कॉम्प्युटर न ठेवता एकमेकांना जोडून कॅसेटची कॉपी काढता यायची. मॅक चालू करताना टी दाबून ठेवलं की तो अख्खा लॅपटॉप दुसऱ्याला हार्ड डिस्क म्हणून दिसायचा, मशीन सुरू होत नसेल तेव्हा आतला डेटा वाचवायला रिपेअरवाले हेच करायचे. कॅमेरा प्ले कर, मागे घे, थांब, हे पण त्याच वायरीतून सांगता यायचं.

कंपनीची बाजू पूर्ण खोटी होती असं मी म्हणणार नाही. यूएसबी मुख्य चिपसेटमध्येच फुकट मिळायचं, फायरवायरला वेगळी चिप लागायची आणि वर पेटंटचे २५ सेंट, म्हणून बाकीच्या कंपन्यांनी ते कधी मनापासून घेतलं नाही. २००६ मध्ये एव्हीसीएचडी हा रेकॉर्डिंगचा नवा फॉरमॅट आला, कॅमेरे मेमरी कार्डावर आणि हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करायला लागले, आणि कार्ड थांबू शकतं, त्याला रतीब लागत नाही. नव्या कॅमेऱ्यांपुरतं जॉब्ज यांचं ते उत्तर बरोबरच होतं. पण प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात तेरा वर्षांच्या जुन्या टेप होत्या, त्यांना नवा कॅमेरा घेऊन काय उपयोग, तो जुनी टेप वाचणार आहे थोडीच.

मग कन्व्हर्टर का नाही लावत, हा प्रश्न मलाही दहा जणांनी विचारला. ऑनलाइन 'यूएसबी टू फायरवायर' म्हणून स्वस्त केबल मिळतात, एका टोकाला हे, दुसऱ्याला ते. कृपया घेऊ नका. आत नुसत्या वायरी जोडलेल्या असतात आणि दोन भाषा अशा जोडून जुळत नाहीत. फायरवायरची चिप डेटा थेट कॉम्प्युटरच्या मेमरीत नेऊन ठेवते, प्रोसेसरला न विचारता. यूएसबीच्या पलीकडे बसलेल्या डब्याला मेमरीपर्यंत हातच पोचत नाही, म्हणून अशा साध्या केबलने टेपचं काम होत नाही. (हाच थेट हात धोक्याचाही होता, कोणी चोरटं यंत्र त्या पोर्टला लावून मेमरी वाचू शकायचं, आणि हे करून दाखवलेलं आहे.) २०११ मध्ये थंडरबोल्ट नावाचं नवं पोर्ट आलं ते मात्र वेगळं, त्या वायरीतून पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत कार्डं ज्या वाटेवर बसतात तीच, बाहेर येते, म्हणून त्यावर फायरवायरची चिप व्यवस्थित बसते आणि अ‍ॅपलने तसा अ‍ॅडाप्टर काढला सुद्धा.

२००८ च्या त्या रागाचा परिणाम झाला असावा असं मला वाटतं, कारण आठ महिन्यांत, जून २००९ मध्ये, तोच १३ इंची लॅपटॉप मॅकबुक प्रो नावाने परत आला आणि त्यावर फायरवायर ८००, म्हणजे त्याचीच दुप्पट वेगाची आवृत्ती, होतं, किंमतही १,१९९ डॉलर. लोकांनी घेतला, कामं झाली. मग २०१२ मध्ये रेटिना मॉडेलवरून ते पुन्हा गेलं, पोर्ट असलेला शेवटचा जुना मॅकबुक प्रो २०१६ पर्यंत विकला गेला, आणि २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून तर फायरवायर सॉफ्टवेअरमधूनच काढून टाकलं, म्हणजे आता अ‍ॅडाप्टरची माळ लावली तरी पलीकडे ओळखणारं कोणी नाही. लिनक्सवाल्यांनी मात्र २०२९ पर्यंत सांभाळायचं ठरवलंय, त्यांचे खरंच आभार.

तर ज्यांच्या घरी असा खोका आहे त्यांना सांगतो. लाल-पांढरी-पिवळी पिन लावून साध्या कॅप्चर कार्डाने व्हिडिओ घेता येतो, पण त्यात डिजिटलचं अ‍ॅनालॉग आणि परत डिजिटल होतं, चित्र मऊ पडतं आणि प्रत्येक फ्रेमसोबत टेपवर नोंदलेली तारीख-वेळ जाते. दुसरा कुठलाच मार्ग नसेल तरच ते करा. त्यापेक्षा जुना डेस्कटॉप शोधा ज्यात पीसीआय कार्ड बसतं, त्यात फायरवायर कार्ड घाला, चार पिनवरून सहा पिनची केबल घ्या. गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत विचारा, त्यांच्या माळ्यावर असं मशीन निघू शकतं. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, वर्षानुवर्षं एकाच जागी गुंडाळलेली टेप चिकटलेली असू शकते. आणि घाई करू नका, कारण टेप तिच्याच गतीने चालणार, तासाला तास.

मला तसा एक डेस्कटॉप मिळालाय, ओळखीच्या एका शूटिंगवाल्याने दिलाय, कार्डासकट. सतरा कॅसेट म्हणजे सतरा तास. या रविवारी सकाळी आधी आजीची लावतोय.