उच्चभ्रू विद्यापीठांतील वर्गीय अडसर

नामांकित, मोजक्याच विद्यार्थ्यांना प्रवेश देणाऱ्या विद्यापीठांत गरीब घरांतील मुलामुलींना प्रवेशाआधी आणि प्रवेशानंतर ज्या अडचणी सोसाव्या लागतात, त्यांना ‘वर्गीय अडसर’ ही संज्ञा लावतात. शुल्काची अडचण त्यांत सर्वांत ठळक. पण सर्वांत चिवट म्हणता येणार नाही.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतील आकडेवारी मांडली. ३८ महाविद्यालयांत अतिश्रीमंत १ टक्का कुटुंबांतील विद्यार्थी तळच्या ६० टक्के कुटुंबांतील विद्यार्थ्यांपेक्षा जास्त निघाले. २०२३ च्या अभ्यासात तर परीक्षेतील गुण सारखे असूनही या १ टक्का घरांतील मुले सर्वोच्च विद्यापीठांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक दिसली. माजी विद्यार्थ्यांच्या पाल्यांना झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासेतर कामगिरीचे गुण ही त्याची कारणे. शिवाय अनेक हुशार गरीब मुले अर्जच करत नाहीत. आर्थिक साहाय्य धरता ते विद्यापीठ साध्या महाविद्यालयापेक्षा स्वस्त पडले असते, हे त्यांना सांगणारे कोणी नसते.

प्रवेशानंतरचा अडसर समजायला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांची ‘सांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना उपयोगी पडते. बोलण्याची ढब, आवडीनिवडी, मोठ्या माणसांशी वागण्यातला सराईतपणा हे काही घरांत आपसूक मिळते आणि विद्यापीठ त्यालाच अंगची हुशारी समजते. प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेचेच घ्या. सुस्थितीतील विद्यार्थी सहज दार ठोठावतो, गप्पा मारतो. पुढे शिफारसपत्र त्यालाच मिळते. गरीब घरातून आलेल्याला सरांकडे जाणे म्हणजे काही समजले नाही अशी कबुली वाटते, किंवा निव्वळ पुढेपुढे करणे. तो खोलीत एकटाच अभ्यास करत बसतो. सरांना भेटत राहावे हा नियम कुठे लिहिलेला नसतो, म्हणून तो मोडीतही निघत नाही.

सगळे गरीब विद्यार्थी सारखेच अडखळतात असेही नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अँथनी जॅक यांनी शिष्यवृत्तीवर महागड्या शाळांत शिकून आलेले आणि थेट साधनहीन शाळांतून आलेले असे दोन गट वेगळे दाखवले. पहिल्या गटाला रीतभात ठाऊक असते, पैसा दोघांकडेही नसतो. सुटीत भोजनगृह बंद झाले की घरी जायचे भाडे नसलेले विद्यार्थी उपाशी राहतात, हेही त्यांनी नोंदवले. विद्यापीठांनी हे आधी लक्षातच घेतले नव्हते, यात नवल नाही.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाने २००१ मध्ये शैक्षणिक कर्जाऐवजी परत न करावे लागणारे अनुदान देणे सुरू केले. इतर काही श्रीमंत विद्यापीठांनीही तोच मार्ग धरला. विनावेतन उमेदवारीचा (इंटर्नशिपचा) प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. सुटीत फुकट काम करून अनुभव गाठीशी बांधणे ज्याला परवडते, पुढची नोकरी बहुधा त्याच्याकडेच जाते.