नवतपात लॅपटॉप का दमतो?

मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागला, नागपुरात पारा ४५च्या आसपास गेला, की ठणठणीत लॅपटॉपही रेंगाळायला लागतात. लोक व्हायरसला दोष देतात. बहुतेक वेळा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून जीव वाचवत असतो.

प्रोसेसरच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे सूक्ष्म स्विच, असतात. त्यातला एखादा चालू-बंद झाला की थोडा विद्युतभार भरतो, रिकामा होतो आणि तेवढ्या ऊर्जेची उष्णता होते. वेग दुप्पट केला तर वीज दुप्पट लागेल, इथवर सरळ हिशोब आहे. पण व्होल्टेज वाढवलं की वीज वर्गाच्या पटीत वाढते. आणि गोम अशी, की वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, नाहीतर ट्रान्झिस्टर वेळेत बदलत नाहीत आणि गणितं चुकतात.

आकडे मांडून बघा. समजा एक चिप ४ गिगाहर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोक्यांच्या वेगाला) १.२ व्होल्ट घेते. ती ३.२ गिगाहर्ट्झवर आणली आणि १ व्होल्टवर भागलं, तर वेग २० टक्के गेला, पण वीज जवळपास ४४ टक्के वाचली. म्हणजे शेवटचा थोडासा वेगच सगळ्यात महाग पडतो.

हे दुखणं पूर्वी जाणवत नव्हतं. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवता येतं, असं आयबीएम कंपनीतले अभियंते रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं. त्या जोरावर तीसेक वर्षं वेग जवळजवळ फुकटात वाढला. मग व्होल्टेज आणखी उतरेना, कारण बंद ट्रान्झिस्टरमधूनही वीज गळायला लागली. २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ प्रोसेसर रद्दच केला. एकाचा वेग वाढवणं परवडेना, म्हणून आज एका चिपवर चार, आठ, सोळा कोअर (एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे प्रोसेसर) दिसतात, त्याचं मूळ इथे आहे.

आता नागपूरचा उन्हाळा. चिपची मर्यादा साधारण १०० अंश धरू. खोली २५ अंशांवर असेल तर उष्णता बाहेर ढकलायला ७५ अंशांचा फरक मिळतो. खोली ४० अंशांवर गेली की उरतात ६०. तोच पंखा, तीच जाळी, पण २० टक्के कमी उष्णता बाहेर जाणार. पंखा कितीही गरगरला तरी चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. डेझर्ट कूलर मात्र हवाच थंड करतो, म्हणून त्याच खोलीत बसलेलं बरं; फक्त तुषार लॅपटॉपवर येऊ देऊ नका.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहा (काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय लपवलेला असतो). अनेक लॅपटॉपवर एवढ्याने टर्बो बंद होतो, म्हणजे तोच महागडा शेवटचा वेग. मेल, एक्सेल, ऑनलाइन क्लास, कशातही फारसा फरक जाणवत नाही आणि पंखा शांत होतो. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना मात्र तो जाणवेल.

हुरूप येऊन मर्यादा ३० टक्क्यांवर आणू नका. व्होल्टेज एका पातळीखाली उतरत नाही. तिथून पुढे फक्त काम लांबतं, आणि तेवढा वेळ स्क्रीन, मेमरी आणि ती गळती वीज खातच राहतात. पटकन उरकून चिपला झोपू देणं त्यापेक्षा स्वस्त.