लिंबूवर्गीय पिकांवरील रोगनियंत्रण : अमेरिकेतील सरकारी कार्यक्रमांचा निधी व देखरेख

संत्री, मोसंबी, लिंबू, ग्रेपफ्रूट या फळझाडांवरील साथीचे रोग आटोक्यात ठेवण्यासाठी अमेरिकेत संघराज्य सरकार, राज्य सरकारे आणि बागायतदार मिळून सर्वेक्षण, क्वारंटाइन, झाडतोड, फवारणी व संशोधनाचे कार्यक्रम चालवतात. पैसा या तिघांच्या खिशांतून येतो, आणि तो कुठे खर्च करायचा याचा सल्ला देणाऱ्या समित्यांवर प्रामुख्याने बागायतदार असतात. रोग मात्र बागेच्या कुंपणाशी थांबत नाही. तो परसातल्या एकट्या लिंबालाही लागतो आणि त्या लिंबाच्या मालकाला या समित्यांत फारसे स्थान नसते. कार्यक्रमांवरचे बहुतेक वाद इथूनच उगवले.

मुख्य रोग दोन. खैऱ्या (कँकर) हा जिवाणूजन्य रोग वारा-पावसाने पसरतो. ग्रीनिंग किंवा हुआंगलाँगबिंग हा त्याहून घातक. त्याचे जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतात आणि सायला नावाची चिमुकली कीड त्यांचा प्रसार करते. यावर अजून खात्रीचा इलाज नाही. लागण झालेले झाड कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे वरून धडधाकट दिसते; म्हणजे निधी मागायचा तो रोग डोळ्यांना दिसण्याआधी. विधिमंडळाच्या गळी हे उतरवणे सोपे नसते.

फ्लोरिडात खैऱ्याविरुद्धची १९९५ नंतरची मोहीम हे देखरेखीच्या पेचाचे सर्वांत ठळक उदाहरण. सुरुवातीला रोगट झाडाभोवतीच्या १२५ फुटांतली झाडे तोडत. रोगाचा प्रसार त्यापलीकडे होतो असे अभ्यासात दिसल्यावर ही त्रिज्या १,९०० फूट, म्हणजे सुमारे ५८० मीटर झाली आणि २००२ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. एका रोगट झाडापायी सगळी वस्ती कक्षेत येऊ लागली. घरमालकांना पहिल्या झाडाबद्दल १०० डॉलरचे खरेदी कूपन आणि पुढच्या प्रत्येक झाडाला ५५ डॉलर मिळत. निरोगी दिसणारे झाड शेजाऱ्याच्या झाडापायी का तोडायचे, हा लोकांचा प्रश्न न्यायालयात गेला. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कायदा वैध ठरवला, पण पुरेशा भरपाईचे दावे पुढे चालूच राहिले. अनेक काउंटींत (जिल्ह्यांत) निकाल घरमालकांच्या बाजूने लागले. २०१७ मध्ये विधिमंडळाने ब्रॉवर्ड व ली काउंटीतील घरमालकांसाठी मंजूर केलेले सुमारे ३.७ कोटी डॉलर राज्यपाल रिक स्कॉट यांनी नकाराधिकार वापरून अडवले. तोवर मोहीम संपून अकरा वर्षे झाली होती. २००४ व २००५ च्या चक्रीवादळांनी जिवाणू इतके दूर नेले की जानेवारी २००६ मध्ये संघराज्य कृषी विभागाने रोगाचे उच्चाटन अशक्य असल्याचे मान्य केले. एव्हाना दीड कोटीहून अधिक झाडे तोडली गेली होती. त्यानंतर आलेल्या ‘सिट्रस हेल्थ रिस्पॉन्स प्रोग्राम’चा भर उच्चाटनावरून तपासणी, स्वच्छ रोपे आणि वाहतुकीवरील निर्बंधांवर आला.

कॅलिफोर्नियात चित्र नेमके उलटे आहे. २००८ मध्ये तिथे सायला सापडली आणि २००९ च्या कायद्याने सिट्रस कीड व रोग प्रतिबंध समिती स्थापन झाली. समितीवर बागायतदारांचे बहुमत असून रोपवाटिकांचे व सामान्य जनतेचे प्रतिनिधीही आहेत. खर्चाची शिफारस समिती करते, अंतिम निर्णय राज्याच्या कृषी सचिवांचा. बैठका राज्याच्या खुल्या बैठकांच्या कायद्याखाली येतात. मुख्य पैसा बागायतदारांवरील उपकरातून येतो. ४० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ किलोंच्या प्रत्येक पेटीमागे कमाल ९ सेंट अशी मर्यादा आहे. त्यात राज्य व संघराज्याच्या निधीची भर पडते. २०१२ मध्ये हॅसिएंडा हाइट्स या लॉस एंजेलिस काउंटीतील उपनगरात पहिले ग्रीनिंगग्रस्त झाड सापडले, तेही एका घराच्या परसात. त्यानंतरची रोगग्रस्त झाडेही जवळजवळ सगळी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या घरांभोवतीच निघाली. त्यामुळे बागायतदारांच्या पेटीमागचे सेंट शहरी अंगणांतल्या तपासणीवर, फवारणीवर आणि रोगट झाडे काढण्यावर खर्च होतात. पाकिस्तानातील पंजाबातून आणून २०११ पासून सोडलेली, सायलावर जगणारी टॅमरिक्सिया ही परोपजीवी गांधीलमाशीही मुख्यतः याच अंगणांसाठी वाढवली जाते. फवारणीला दार न उघडणाऱ्या घरांत ती विनापरवाना पोहोचते.

संघराज्याच्या बाजूने क्वारंटाइनची सूत्रे कृषी विभागाच्या प्राणी व वनस्पती आरोग्य निरीक्षण सेवेकडे आहेत. संस्था परस्परांना न विचारता काम करतात ही तक्रार वाढल्यावर डिसेंबर २०१३ मध्ये ग्रीनिंगसाठी बहुसंस्था समन्वय गट नेमला गेला आणि अमेरिकी संसदेने म्हणजे काँग्रेसने त्याला २ कोटी डॉलर दिले. २०१४ च्या कृषी कायद्याने संशोधनासाठी पाच वर्षे दरसाल २.५ कोटी डॉलर राखून ठेवले. २०१८ च्या कायद्याने तेवढीच वार्षिक रक्कम २०२३ पर्यंत स्वतंत्र न्यास निधीतून दिली. कोणत्या विषयांना प्राधान्य द्यायचे हे सांगायला २०१४ मध्ये नऊ बागायतदारांची उपसमिती ठरली : पाच फ्लोरिडाचे, तीन कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनाचे, एक टेक्सासचा. प्रस्तावांची वैज्ञानिक छाननी वेगळी होते.

फ्लोरिडातील सिट्रस संशोधन व विकास प्रतिष्ठानाने २००९ पासून संशोधनावर सुमारे १२ कोटी डॉलर खर्च केल्यावर, २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने ग्रीनिंगवर एकच रामबाण तोडगा निघालेला नाही, असा निष्कर्ष काढला.

पेटीमागे उपकर या पद्धतीत एक उपजत दोष आहे : रोग जिंकत गेला की त्याच्याशी लढायचा पैसाही आटतो. फ्लोरिडात २००३-०४ च्या हंगामात संत्र्यांच्या सुमारे २४.२ कोटी पेट्या निघाल्या होत्या. ग्रीनिंग तिथे २००५ मध्ये आढळला आणि २०२२-२३ मध्ये हा आकडा १.५८ कोटींवर आला. त्यामुळे तिथला संशोधनाचा भार बागायतदारांच्या उपकरावरून मोठ्या प्रमाणात राज्याच्या अर्थसंकल्पावर सरकला आहे.