कीटणात सापडलेला निळा

मध्ययुगीन युरोपातल्या प्रार्थनापोथीचं पान उघडलं की आधी नजर जाते सोन्याच्या वर्खाकडे. मी मात्र अडकते ती मरियमच्या शालीच्या निळ्याशी. शतकं लोटली, तरी कालच घोटल्यासारखा दिसतो तो.

हा निळा लाजवर्दाचा. तेव्हा युरोपात हा दगड यायचा थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून, त्यामुळे मोल सोन्याइतकं. शिवाय नुसता कुटून भागत नाही. दगडात पांढरी, सोनेरी खनिजं मिसळलेली असतात, त्यामुळे पूड राखाडी पडते. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने यावरची कृती लिहून ठेवली आहे. पूड मेण आणि राळेच्या गोळ्यात मुरवायची, मग तो गोळा राखेच्या क्षारयुक्त पाण्यात कणकेसारखा तिंबायचा. निळे कण पाण्यात उतरतात, गाळ गोळ्यातच राहतो. रंग येतो गंधकामुळे. त्याचे तीन-तीन अणू स्फटिकाच्या जाळीत कोंडलेले असतात आणि ते पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतात. जाळी भक्कम, म्हणून रंग उन्हालाही दाद देत नाही.

आता या रंगाची मला सर्वांत भावलेली गोष्ट. जर्मनीत डालहाइमला स्त्रियांचा एक मठ होता. तिथे पुरलेल्या, पंचेचाळीस ते साठ वयाच्या एका स्त्रीच्या दातांवरचं कीटण संशोधकांनी आहार समजून घेण्यासाठी विरघळवलं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसले निळे कण, शंभराहून जास्त! प्रकाश कसा विखुरतो यावरून पदार्थ ओळखणाऱ्या रामन वर्णपटाने ओळख पटवली: लाजवर्द. हाडांचा काळ साधारण इ. स. १००० ते ११६०. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

निळा तोंडात गेला कसा? पूड करताना उडाली असेल, औषध म्हणून घेतली असेल, हेही तपासलं गेलं. पण कण कीटणाच्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेले होते, म्हणजे एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा गेलेले. सुईत ओवायचा दोरा आपण ओठांत धरून टोकदार करतो ना, तशी ती कुंचल्याचं टोक करत असणार.

त्या काळच्या बहुतेक पोथ्यांवर रंगवणाऱ्याचं नाव नसतं, आणि हे काम पुरुषांचंच, असं धरून चाललं जायचं. चौदाव्या शतकात तो मठ जळाला. तिच्या हातचं म्हणून दाखवता येईल असं एकही पान आज आपल्याकडे नाही. आहेत ते फक्त हे कण.