इस्लामिक स्टडीज शिकायचंय? एम.ए.च्या प्रवेशापासून नेटपर्यंत पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

इस्लामिक स्टडीजला प्रवेश घ्यायला मुसलमान असावं लागतं का, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. उत्तर आहे, नाही. विद्यापीठातला हा विभाग इतिहास किंवा तत्त्वज्ञानाच्या विभागासारखाच असतो आणि तिथे अर्जदाराचा धर्म ही पात्रतेची अट नसते. जामिया मिल्लिया इस्लामियाला २०११ साली अल्पसंख्याक संस्थेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून तिथल्या निम्म्या जागा मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी राखीव आहेत, पण बाकीच्या जागांवर कुणीही अर्ज करू शकतं. मराठी घरांतून या विषयाकडे फार थोडी मुलं वळतात, आणि त्याचं मोठं कारण हा गैरसमज आहे. म्हणून तो आधीच दूर केलेला बरा.

दुसरी गोष्ट म्हणजे विभागाचं नाव नीट वाचा. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात इस्लामिक स्टडीजचा विभाग वेगळा आहे आणि थिऑलॉजीची फॅकल्टी वेगळी. या फॅकल्टीत सुन्नी थिऑलॉजी आणि शिया थिऑलॉजी असे दोन विभाग आहेत. थिऑलॉजीत परंपरेच्या आत राहून धर्मशास्त्र शिकवलं जातं, तर इस्लामिक स्टडीजमध्ये इतिहास, विचार, समाज आणि धर्मशास्त्र एकत्र येतात. अरबी भाषेचा विभाग हा आणखी तिसरा, त्याचा भर भाषा आणि साहित्यावर असतो. हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, दिल्लीचं जामिया हमदर्द, काश्मीर विद्यापीठ अशा इतर ठिकाणीही इस्लामिक स्टडीज शिकता येतं. पुढे नेटला (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला) कोणता विषय निवडता येईल हे एम.ए.च्या पदवीवर छापलेल्या विषयावर ठरतं, त्यामुळे इथे घाई नको.

आधी शाखा, मग अर्ज

एम.ए.च्या अर्जात शाखेचा रकाना नसतो. तरीही आपल्याला कोणत्या शाखेत पुढे जायचंय याचा अंदाज अर्जाआधी घ्यावा, कारण शाखेवरून भाषा ठरते आणि भाषेवरून विद्यापीठ.

तफसीर म्हणजे कुरआनाचं विवरण, फिक्ह म्हणजे आचार-व्यवहाराचं धर्मशास्त्र, कलाम म्हणजे श्रद्धेच्या सिद्धांतांची चर्चा, फल्सफा म्हणजे तत्त्वज्ञान, तसव्वुफ म्हणजे सूफी परंपरा. यांच्या जोडीला हदीस, म्हणजे पैगंबर मुहम्मदांची वचनं आणि आचार यांची कथनं, आहेच. तिच्याविषयी थोडं सविस्तर सांगतो, कारण या परंपरेची शिस्त तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते.

हदीसचे दोन भाग असतात. सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी आणि मत्न म्हणजे मूळ मजकूर. बुखारी (मृत्यू ८७०) यांच्या संग्रहातली पहिलीच हदीस घ्या. कृतीचं मोल हेतूवर ठरतं, असा तिचा आशय. बुखारींना ती हुमैदींनी सांगितली, हुमैदींना सुफियान यांनी, सुफियानना यह्या बिन सईद अन्सारींनी, यह्यांना मुहम्मद बिन इब्राहीम तैमींनी, तैमींना अल्कमा बिन वक्कास लैसींनी. आणि अल्कमांनी खलिफा उमर यांना मिंबरवरून (मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावरून) पैगंबरांचं हे वचन सांगताना ऐकलं होतं. यातली गंमत अशी की उमर यांच्यापासून यह्यांपर्यंत ही साखळी एकेरी आहे. यह्यांनंतर मात्र ती सांगणारे पुष्कळ झाले. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, कधी जगला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याचं नाव घेतो त्याला तो खरंच भेटला होता का, हे तपासायला चरित्रकोशांचं एक स्वतंत्र शास्त्रच उभं राहिलं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून जे शिकायला मिळतं ते मला अमूल्य वाटतं.

फिक्हमध्ये हनफी, मालिकी, शाफई, हंबली हे चार सुन्नी संप्रदाय आणि शियांचा जाफरी संप्रदाय येतो. नियम कुठून आणि कसा काढायचा याचं शास्त्र, म्हणजे उसूल-ए-फिक्ह, हा तर्काची आवड असणाऱ्यांचा प्रांत. फल्सफ्यात फाराबी, इब्न सीना (मृत्यू १०३७), त्यांच्यावर कठोर टीका करणारे गझाली (मृत्यू ११११) आणि गझालींना ग्रंथानेच उत्तर देणारे इब्न रुश्द (मृत्यू ११९८) असा सलग वाद वाचायला मिळतो.

आता भाषेचं बघा. तफसीर, हदीस, फिक्ह, कलाम यांत संशोधन करायचं तर अरबीला पर्याय नाही. भारतातल्या सूफी परंपरेसाठी फारसी लागते. खुलताबादला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा आहे आणि दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलियांची वचनं टिपून ठेवणारे अमीर हसन सिज्झी यांची कबरही तिथेच आहे. ही सगळी वचनसंग्रहांची परंपरा फारसीत आहे. मराठी विद्यार्थ्याला इतक्या जवळचा आणि इतका समृद्ध विषय क्वचितच मिळेल. एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या चळवळी अभ्यासायच्या असतील तर उर्दू आणि इंग्रजीवर बरंच काम होतं.

याचा थेट संबंध प्रवेशाशी येतो. मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात उर्दू आधी शिकलेली असणं ही पात्रतेचीच अट आहे. दहावी, बारावी किंवा पदवीला उर्दू विषय किंवा माध्यम म्हणून असल्याचा पुरावा, नाहीतर मान्य मदरशाचं समकक्ष प्रमाणपत्र लागतं. उर्दू अजिबात येत नसेल तर तिथे अर्ज भरून वेळ घालवू नका, दुसऱ्या विद्यापीठांचं पाहा.

पात्रता

एम.ए.साठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी हवी. टक्केवारीची अट आणि पदवीला कोणते विषय चालतात हे विद्यापीठानुसार बदलतं. निवड कुठे विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेने होते, कुठे सामायिक परीक्षेने, तर कुठे गुणवत्तेवर. त्या वर्षीचं माहितीपत्रक डाउनलोड करून पात्रतेचं पान पूर्ण वाचा. मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका.

मदरशात शिकलेल्यांसाठी हा भाग खास महत्त्वाचा आहे. अलीगढ, जामिया आणि मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ यांच्या मान्य मदरशांच्या आपापल्या याद्या आहेत. आपल्या मदरशाचं नाव, आपल्या प्रमाणपत्राचं नाव (आलिमियत, फजीलत वगैरे) आणि ते कोणत्या अभ्यासक्रमासाठी समकक्ष धरलंय, या तिन्ही गोष्टी यादीत जुळायला हव्यात. एका विद्यापीठाने मानलं म्हणून दुसरं मानेलच असं नाही. काही अभ्यासक्रमांना सोबत बारावीच्या पातळीचं इंग्रजी उत्तीर्ण असणंही लागतं. ते नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून परीक्षा देण्याचा रास्त मार्ग आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. सर्वोच्च न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर प्रदेशचा मदरसा शिक्षण कायदा वैध ठरवला, पण कामिल आणि फाजिल या पदवी व पदव्युत्तर पातळीच्या पदव्या देण्याचा त्यातला भाग रद्द केला. अशा पदव्या देणं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी विसंगत आहे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे उत्तर प्रदेशच्या मदरसा मंडळाच्या कामिलवर ‘पदवीधर’ म्हणून एम.ए.चा अर्ज भरण्याआधी विद्यापीठाकडून लेखी खुलासा घ्यावा. स्वायत्त मदरशांच्या आलिमियत-फजीलतीची समकक्षता विद्यापीठं आपल्या यादीनुसार ठरवतात. नावं जवळची असली तरी ही बाब वेगळी आहे.

कागदपत्रं

दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, टीसी, चारित्र्य प्रमाणपत्र, आधार, फोटो, सही. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. ते जुन्या विद्यापीठातून मिळायला वेळ लागतो, म्हणून निकाल लागताच मागणी करा. मध्ये वर्षं गेली असतील तर गॅप सर्टिफिकेटसाठी प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर करण्याचं विद्यापीठाचं सूत्र किंवा पत्र जोडावं लागतं.

नावाकडे विशेष लक्ष द्या. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, आधारवर ते बहुधा शेवटी असतं. त्यातून शेख, सय्यद, खान अशा नावांत कुठे ते पुढे, कुठे मागे, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं. राष्ट्रीय परीक्षांच्या अर्जात नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरतात. आधारमध्ये फरक असेल तर अर्जाच्या आधी आधार दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर किंवा इतर कारणाने नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जवळ असू द्या.

आरक्षणाच्या बाबतीत केंद्रीय विद्यापीठ आणि राष्ट्रीय परीक्षांना केंद्राची यादी लागू होते. आपल्याकडचे व्हीजे, एनटी, एसबीसी हे प्रवर्ग त्या नावाने केंद्रात नाहीत. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी पाहावं लागतं. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रही केंद्राच्या नमुन्यातलं हवं. तहसीलमधून राज्याच्या नमुन्यातलं मिळालं असेल तर ते चालत नाही, म्हणून अर्ज देतानाच कोणता नमुना पाहिजे ते सांगा. ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षाचं असावं.

नेटचा अर्ज

एम.ए. नंतर शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल तर यूजीसी नेट. ही परीक्षा एनटीए (राष्ट्रीय परीक्षा संस्था) साधारणपणे वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांसाठी घेते. आपल्या विषयाचं यादीतलं नाव ‘अरब कल्चर अँड इस्लामिक स्टडीज’ असं आहे. अरबी, उर्दू, फारसी आणि धर्मांचा तुलनात्मक अभ्यास हे यादीत वेगळे विषय आहेत. एम.ए. ज्या विषयात केलं त्याच विषयात नेट द्यायची, असा सर्वसाधारण नियम आहे.

पदव्युत्तर परीक्षेत खुल्या गटाला ५५ टक्के लागतात आणि त्यात राउंड-ऑफ चालत नाही, ५४.९९ म्हणजे अपात्रच. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी नॉन-क्रीमी लेयर, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५० टक्के पुरतात. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेलेही अर्ज करू शकतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केलेल्यांनाही आता पीएच.डी. आणि जेआरएफसाठी (संशोधकांना दरमहा मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी) नेट देता येते, आणि त्यांना पीएच.डी.चा विषय पदवीपेक्षा वेगळा निवडण्याची मुभा आहे. इतिहासाची चार वर्षांची पदवी घेऊन थेट इकडे येऊ इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० वर्षं आहे. राखीव प्रवर्ग आणि महिलांना पाच वर्षांची सवलत मिळते. सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही.

अर्ज पूर्ण ऑनलाइन आहे. नोंदणी, माहिती भरणं, फोटो-सही अपलोड, शुल्क, आणि मग कन्फर्मेशन पेज डाउनलोड करून ठेवणं. शुल्क कापलं गेलं पण कन्फर्मेशन पेज आलं नाही, तर अर्ज पूर्ण झाला असं समजू नका. चूक राहिली तर ठरलेल्या दिवसांत दुरुस्तीची खिडकी उघडते, मात्र सगळेच रकाने बदलता येत नाहीत.

परीक्षा तीन तासांची. पेपर एकमध्ये ५० आणि पेपर दोनमध्ये १०० प्रश्न, एकूण ३०० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. भाषाविषय सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. त्यामुळे मराठीतून वाचन केलेल्यांनी पारिभाषिक शब्दांची इंग्रजी रूपं आधीपासून डोळ्यांखालून घालावीत.

जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात: जेआरएफसह सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटासाठी पीएच.डी. प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन आहे आणि ते गुण एक वर्षच चालतात. जेआरएफला पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात (जानेवारी २०२३ पासूनचा दर). मुलाखतीत तुमच्या शाखेतला मूळ मजकूर समोर ठेवून वाचायला सांगितला जाऊ शकतो. म्हणून एम.ए.च्या पहिल्या सत्रापासूनच, आपल्या भाषेतला निदान एक मूळ ग्रंथ शिक्षकांसमोर बसून ओळीने वाचायला सुरुवात करा.